निव्वळ वजन

रजिस्टर तेच, खाणीच्या काट्यावरचं.
रकानेही तेच: गाडी नंबर, भरलेली, रिकामी, निव्वळ.
शेवटची नोंद माझ्याच अक्षरात,
तिच्याखाली बारा वर्षं कोरी.
आज पान उलटून लिहिलं,
बोर्गवर्ड. फियाट अकराशे. दोन बीटल.
आणि ओपेल, जिचा नंबर मला विचारावा लागला नाही.

सांवर्ड्याच्या या प्लॉटवर, खनिजाच्या ढिगाभोवती
कंपनीने डांबर घातलं होतं, ट्रकांना वळायला.
अंड्याच्या आकाराचं.
एक फेरी म्हणजे माझी चारशे दहा पावलं.
ढीग बंदरावर गेला, डांबर राहिलं.
मधे आता घाणेरी माजलीय
आणि शाबलो गावड्याच्या दोन म्हशी,
ज्या सांगूनही त्याने हलवल्या नाहीत.

लोक बांधावर बसलेत. पोदेर सायकलीसकट आलाय.
भटजी म्हणतात, हे उलटं चाललंय,
प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला हवा.
इथे सगळ्यांना डावीकडेच वळायचंय
आणि डावीकडे आहेत म्हशी.

लुर्दीनने टेबलावरचा चौकडीचा कपडा झटकला.
सुटल्या.
म्हणजे आधी खोकल्या, मग सुटल्या.
बोर्गवर्ड निघाली जत्रेतल्या नाटकातल्या राजासारखी,
उशिरा, आणि सगळ्यांना बाजूला सारत.
निळ्या बीटलमध्ये फ्लाविया, दाताची डॉक्टर,
दुसरीतला तिचा भाचा, त्याची बायको शेजारी डोळे मिटून.
फियाटवर रत्नू, जो वर्षानुवर्षं जुवारी नदीत बार्ज हाकायचा.
त्याला घाई नाही.
वळण दिसायच्या आधीच तो वळायला लागतो.

चार रेघा उभ्या, पाचवी आडवी.
डांबराच्या भेगांतून लाल धूळ उठते,
आमच्या पावांवर बसते, भटजींच्या टोपीवर बसते.
कुणी झटकत नाही. ओळखीची आहे.

ओपेल मी न बघता मोजते.
तिसऱ्या गिअरला ती अजून तशीच कण्हते,
मडगाव स्टेशनवरून भाडं घेऊन बाबा परतायचे तेव्हासारखी.
अठ्ठ्याऐंशीत अवेर्तानला विकली,
भावाच्या कुवेतच्या तिकिटासाठी.
भाऊ आला, गेला, आला.
अवेर्तान आता चौऱ्याहत्तरचा,
चष्म्याला मागे नाडी बांधून बसलाय.

अकराव्या फेरीला ओपेल आली नाही.
मी मान वर केली नाही.
काट्यावर हेच शिकले:
ट्रक आला नाही तर रकाना मोकळा सोडायचा,
कारण लिहायचं नाही.
पण बांधावरून ओरडले, वाफ, वाफ,
आणि कुणीतरी म्हशींचीच बादली घेऊन धावलं.

रत्नू जिंकला.
एक नारळ, एक बाटली काजूची, एक भोपळा.
भोपळा त्याने फ्लावियाला दिला,
तिने बोनेटवर ठेवला, फोटो झाले.
लोक उठले, पँटी झटकल्या, स्कूटरी शोधल्या.
लुर्दीनने कपडा घडी करून पिशवीत घातला.

मी टोपण लावत होते पेनाला,
तेव्हा ते कण्हणं पुन्हा सुरू झालं.

दहा उरल्या होत्या त्याच्या.
एकच दिवा लागत होता, उजवा.
दर फेरीला त्यात म्हशींचे डोळे पेटायचे,
चार, हिरवे, मग विझायचे.
शाबलो त्यांना न्यायला आला होता,
तोही दोरी हातात धरून उभाच राहिला.
मला कुणी थांब म्हटलं नव्हतं.
दोन आडव्या रेघा पडल्या
तेव्हा पानावरचं मला दिसत नव्हतं.

बाहेर जायची वाट काट्यावरूनच.
ओपेल वर चढली, लोखंडी फळी करकरली,
बोटभर खाली बसली.
अवेर्तानने काच अर्धी उतरवली, पुढे उतरतच नाही ती.
विचारलं, किती झाल्या?

वीस, मी म्हटलं.
पेनाचं टोक निव्वळच्या रकान्यावर टेकलं होतं.
मग सवयीने म्हणाले,
थोडी पुढे घे,
मागचं चाक बाहेर आहे.